फुनाहुराला आरामाचे चार दिवस

माले, ९ जानेवारी

बेबे,

फोनवर धाकट्या बहिणीचा आवाज ओळखला की तू ठेवून देतोस. म्हणून हा कागद. कागद फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस एक-दोन ओळी तरी वाचतोच. पस्तीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईला एवढं कळतं. त्या दोन ओळी अशा:

मम्माला फुनाहुराला जायचं आहे. आणि ती तुझ्याशिवाय जाणार नाही.

आता सविस्तर. माझी नुहा गेल्या वर्षीपासून फुनाहुराच्या रिसॉर्टमध्ये नोकरीला आहे. पाहुण्यांच्या खोल्या नोंदवते. हस. ज्या बेटासाठी मी घसा फोडून घेतला, त्याच बेटावर माझी लेक परदेशी माणसांना शहाळं हातात देऊन 'स्वागत आहे' म्हणते. मी तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते. मग तीच एका शुक्रवारी आली आणि म्हणाली, "आई, कामगारांना वर्षातून एकदा घरच्यांसाठी चार दिवस मिळतात. जूनच्या शेवटी दोन खोल्या देताहेत. तू, मी, मम्मा, मामा. भाषण नाही, घोषणा नाही. नुसता आराम. मम्मा वाळूत बसेल, मामा गळ टाकेल, तू पुस्तक वाच."

"तुझा मामा माझ्याबरोबर एका बेटावर आराम करेल?"

"बेट लहान आहे. फार लांब बसता येणार नाही तुम्हाला," ती म्हणाली.

मम्मा कोपऱ्यात सुपारी कातरत होती. तिला आता शहाऐंशी लागलं. पाचव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून तिला दुसऱ्या कुणाची तरी खिडकी दिसते, बस. अर्धी रोटी खाते, माशाच्या घट्ट रिहाकुरूत बुडवलेलं बोट चाटते आणि झोपते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं आहे, येत्या पावसाळ्यानंतर प्रवासाचं नाव काढू नका. तिने अडकित्ता खाली ठेवला. म्हणाली, "आदमने मला खांद्यावर घेऊन त्या बेटावरून बोटीत चढवलं. आता त्यानेच खांद्यावर घेऊन उतरवायचं. नाहीतर मी इथेच बरी."

मी म्हटलं, तिथे आता बोट थेट लागते अशी पक्की जेट्टी आहे, चाकाची खुर्ची आहे.

"खुर्चीत बसून घरी जायचं? मी काय मंत्री आहे?"

नावं आणि ओळखपत्रांचे क्रमांक २५ फेब्रुवारीपर्यंत द्यायचे आहेत. आपल्यात जे काही आहे ते बाजूला ठेवू. चौदा वर्षं झाली. दोघांच्याही चुका झाल्या असतील. मम्मासाठी ये.

रुकिय्या


माले, २ फेब्रुवारी

बेबे,

तू राहतोस त्या अड्डूच्या बोटीने तुझा अर्धा कागद आला. त्यावर ना सलाम, ना नाव. 'जूनमध्ये पश्चिमेची वाळू गेलेली असते. मम्माला कुठे उतरवणार, दगडांवर? रेवा नकई संपण्याच्या आत आणा. शिकलेली माणसं!'

चौदा वर्षांत तू मला पाठवलेलं पहिलं वाक्य हे. आणि ते बरोबर आहे, याचा मला जास्त राग आला. मी कॅलेंडर पाहिलं, वाऱ्यापावसाच्या नक्षत्रांची आपली नकई पाहिली नाही. फुनाहुराला जन्मलेलं पोरसुद्धा सांगेल की पावसाळी वारा सुटला की पश्चिमेची वाळू बेटाला वळसा घालून पूर्वेला जाते आणि हिवाळी वाऱ्यात परत येते. आपण म्हणायचो, बेट कूस बदलतं. मालेत राहून माझी नजर सिमेंटची झाली. इथे काहीच जागचं हलत नाही, फक्त किमती वर जातात.

रेवा मार्चअखेर येते, म्हणून नुहाला फोन केला. ती भडकलीच. "मार्चमध्ये? आई, मार्च म्हणजे भर हंगाम! तेव्हा आम्हा कामगारांना स्वतःची खाटसुद्धा पुरत नाही, तुम्हाला कोण खोली देणार? वाळू पूर्वेला असली म्हणून काय झालं? पूर्वेला उतरू."

मम्माने फोन माझ्या हातातून घेतला. "पूर्वेला आपण माशांची आतडी टाकायचो. मी उकिरड्याच्या बाजूने घरात शिरू?"

"मम्मा, तिथे आता स्पा आहे."

"असेल. वास बदलला असेल, दिशा नाही बदलली."

नुहा तिच्या साहेबाकडे चार वेळा गेली. शेवटी हे मिळालं: खोल्या नाहीत. ३० मार्च, शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. फक्त चार नावं. बाहेरचं जेवण आणायचं नाही, पाहुण्यांच्या वाटेत यायचं नाही. आरामाच्या चार दिवसांचे सात तास झाले. पण रेवामध्ये झाले, तू म्हणालास तसे. आता तरी येतो म्हण.

मम्मा विचारते, अड्डूत तुला रिहाकुरू नीट मिळतं का. मी म्हटलं, विचारते.

रुकिय्या


माले, १९ फेब्रुवारी

बेबे,

'येईन. आधी मम्माच्या सहीबद्दल जे बोललीस, ते ज्यांच्यासमोर बोललीस त्यांच्यासमोर परत घे.'

वाचलं. तीनदा वाचलं. मरणाच्या दारातल्या बाईला दारात ताटकळत ठेवून तू अट घालतोस?

मी काय बोलले ते मला पाठ आहे. तू बेटाचा कतीब होतास. सरकारचा शिक्का तुझ्या खिशात असायचा. त्रेपन्न घरांचं बेट. त्यांनी कळवलं, इतक्या थोड्या माणसांसाठी डॉक्टर आणि शाळा परवडत नाही, मोठ्या बेटावर घरं देऊ, सगळ्या प्रौढांच्या सह्या आणा. तू दारोदार फिरलास. एकशे बारा सह्यांपैकी एकशे अकरा झाल्या आणि एक अडली. आपल्याच घरातली. मम्मा म्हणाली होती, माझ्या नवऱ्याची कबर मी खांद्यावर घेऊन जाऊ शकत नाही. सगळं बेट तिच्याकडे बघून बसलं होतं. ती नाही म्हणाली असती तर कागद माघारी गेला असता. आणि एका सकाळी कागदावर तिची सही होती.

निघायच्या दिवशी मी मालेहून आले आणि जेट्टीवर तांदळाच्या पिंपावर उभी राहिले. म्हणाले, "माझ्या भावाने आपल्या आईची सही स्वतः केली. ज्याने आईचं नाव चोरलं, तो बेट विकायला का कचरेल?" पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक सभेत हे वाक्य बोलले. लोक उठून उभे राहायचे. दोनच वर्षांत त्याच बेटावर रिसॉर्टचे खांब रोवले गेले. मग सांग, कोणी कोणाला फसवलं? मी खोटं बोलले की ते?

मला माहीत आहे, मोठ्या बेटावर कोणी तुझ्या शेजारी नमाजाला उभं राहत नव्हतं. तुझी बायको नळावर गेली की बायका आपल्या कळश्या उचलून निघून जायच्या. शेवटी तुम्ही अड्डू गाठलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण लढाईत असं होतं.

मी परत घेणार नाही. यादीत तीन नावं लिहिली आहेत. चौथ्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. सहा दिवस उरले.

रुकिय्या


माले, ३ मार्च

बेबे,

हे पत्र मी आठ दिवस लिहिते आहे.

तुझा कागद मी टेबलावर विसरले होते. मम्मा अजून चष्म्याशिवाय वाचते. मी बाजारातून आले तेव्हा तो तिच्या मांडीवर होता.

"कोणती सही?" ती म्हणाली.

"जुनी गोष्ट आहे, मम्मा."

"मी म्हातारी आहे, बहिरी नाही. तू पिंपावर चढून ओरडत होतीस तेव्हा मी बोटीत बसले होते. सगळं ऐकलं. आवाज छान लागला होता तुझा." मग सुपारी तोंडात टाकून म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं ना, रुकिय्या?"

"हो."

"केव्हा?"

"जेट्टीच्या दोन दिवस आधी."

बेबे, हे वाक्य मी चौदा वर्षं कुठल्याच सभेत बोलले नाही. मला माहीत होतं. तिने स्वतः सही केली हे मला फोनवर तिनेच सांगितलं होतं. का केली तेही सांगितलं होतं. नुहा तेव्हा नऊ वर्षांची, फुनाहुराला मम्माजवळ. मी मालेत, भाड्याच्या अर्ध्या खोलीत, सकाळी शाळा आणि संध्याकाळी सभा. पोरीला ताप चढला, आकडी आली. वारा उलटा होता. तू तिला घेऊन दोणीत बसलास आणि दवाखान्याच्या बेटावर पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. पोर वाचली. तू परत आलास, त्या सकाळी मम्माने तुझ्याकडून कागद मागून घेतला.

हे लोकांना सांगितलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, "आणि बाई, तुम्ही कुठे होता?" या एका प्रश्नाला घाबरून मी तुझं नाव पुढे केलं. भाषण तयार होतं, त्यात चोराची जागा रिकामी होती.

मी मम्माला विचारलं, "तू तेव्हाच सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "बोलले असते तर दोन पोरांतलं एक खोटं पडलं असतं. आदम सोसेल असं वाटलं. तू सोसली नसतीस."

बेबे, मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नुहालाही फोनवर सांगितलं. तिने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे बेट माझ्या तापामुळे गेलं?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते आजही छातीवर हात ठेवून म्हणते. बेट गेलं ते एक डॉक्टर पाठवण्यापेक्षा त्रेपन्न घरं उचलणं ज्यांना सोपं वाटलं त्यांच्यामुळे. आजारी पोर दाखवून आईकडून घर लिहून घेणं हा न्याय नव्हे. मी चुकले ते सहीबद्दल. बेटाबद्दल नाही. हे तुला पटणार नाही, पण माफी मागताना मी दुसरं खोटं बोलणार नाही.

पंचवीस तारखेला चौथ्या जागी तुझं नाव लिहून दिलं. पंधरा मार्चला शुक्रवार आहे. मी मोठ्या बेटावर जाते आहे.

रुकिय्या


मोठं बेट, १५ मार्च

बेबे,

बंदरावर, जिथे नमाजानंतर पुरुष दोरीच्या खुर्च्यांवर लोळत पडतात, तिथे मी उभी राहिले. पिंप मागितलं नाही. आपल्या बेटाची चाळीसएक माणसं होती. बायका भिंतीपाशी. हसनफुळू, तो होड्या बांधणारा, आता दात नाहीत त्याला, मला बघून म्हणाला, "आली! कोणत्या पक्षाची निवडणूक आहे?"

"कोणत्याच नाही, काका. आज मी हरायला आले आहे."

"मग बोल. हरणारे थोडक्यात बोलतात."

मी थोडक्यात बोलले. म्हटलं, मम्माची सही मम्मानेच केली. आदमने केली नाही. मला हे जेट्टीवर उभी राहण्याआधीच माहीत होतं. माझी मुलगी आजारी होती आणि मी तिथे नव्हते, ते झाकायला मी भावाला चोर म्हटलं.

मग हव्वाफुळू, आपली शेजारीण, भिंतीपासून पुढे आली. "चौदा वर्षं मी आदमच्या बायकोशी बोलले नाही. तिच्या बाळंतपणाला गेले नाही. तुझ्यामुळे. आता तू मोकळी झालीस. मी काय करू?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं.

"भाषणात एवढे शब्द असतात तुझ्या," ती म्हणाली, "आणि आता एक नाही." आणि गेली.

हसनफुळूचा मुलगा ओरडला, "म्हणजे बेट सोडायला म्हातारी स्वतः तयार होती! मग आम्हाला कशाला रडवलंस सभांमध्ये?" दुसऱ्याने त्याला गप्प केलं. तिसरा म्हणाला, कतीब गप्प बसला तो तरी शहाणा कसा. बराच वेळ भांडण चाललं. कोणी माझ्या बाजूने नव्हतं, आणि सगळे तुझ्या बाजूने होते असंही नाही. शेवटी हसनफुळू म्हणाला, "मूसा कप्तानाला सांगतो, तीस तारखेला त्याची दोणी न्या. भाडं नको. म्हातारीला आमचा सलाम सांगा."

एवढंच झालं. तू म्हणालास तसं मी केलं. तू येशील की नाही ते मला माहीत नाही. अट पुरी झाली म्हणून ये असं मी म्हणणार नाही. तेवढा हक्क मी गमावला आहे. एकोणतीसला मम्माला घेऊन मी इथे पोचते. त्या दिवशी अड्डूकडून एकच बोट येते.

रुकिय्या


फुनाहुराजवळ, ३० मार्च

बेबे,

तू माझ्यापासून सहा हातांवर नांगराजवळ बसला आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. काल बोटीतून उतरल्यापासून तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मम्माच्या पायांशी बसलास, तेव्हा ती म्हणाली, "उशीर केलास."

"बोट उशिरा सुटली, मम्मा."

"चौदा वर्षं?"

तू हसलास. माझ्याकडे बघून नाही, पण मला दिसलं. केस किती गेले रे तुझे.

आता साडेअकरा. दीड तास आपण इथे उथळ पाण्यात अडकून पडलो आहोत. समोर पश्चिमेचा किनारा, वाळू पुरी आहे, पांढरी, रुंद, तू म्हणालास तशी. पण तिच्यावर पाहुण्यांच्या निळ्या छत्र्या आहेत आणि आपल्या दोणीसमोर गार्डची होडी आडवी लावलेली आहे. पोरगा सभ्य आहे. चार वेळा तेच म्हणाला, "आजी, तुमची नावं जेट्टीच्या यादीत आहेत. पूर्वेच्या जेट्टीवर या, गाडी आहे, सरबत आहे. या बाजूने परवानगी नाही."

मम्मा म्हणाली, "बाळा, तू उभा आहेस ना, तिथे मी भांडी घासायचे."

"हो आजी. पण परवानगी नाही."

किनाऱ्यावर नुहा उभी आहे, गणवेशात, हातात वायरलेस घेऊन. साहेबाशी बोलते आहे. मघाशी तिने हात हलवला, तो 'या' होता की 'थांबा', कळलं नाही. मी उठून त्या पोराला कायदा सांगायला लागले होते. मम्माने माझी बाही ओढून मला खाली बसवलं. "पुरे. तुझ्या बोलण्याने पोरीची नोकरी जाईल."

म्हणून मी गप्प बसले आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलण्यासारखं सगळं माहीत आहे आणि मी गप्प आहे. आणि तू तर सरकारी कागदाच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नाहीस. वर्तुळात शिक्का मारायचा, ओळीवर सही घ्यायची. परवानगी नाही म्हटल्यावर तू मूसाला दोणी वळवायला सांगशील आणि मम्माला पूर्वेच्या जेट्टीवर नेशील. ती काही बोलणार नाही. खुर्चीत बसेल, सरबत पिईल. आणि उद्या पाचव्या मजल्यावर परत येईल ती कुठेच न गेलेली बाई. मला हे आत्ताच दिसतं आहे, आणि मी तुला सांगू शकत नाही, कारण माझ्या सांगण्याने तू एकदा सगळं गमावलं आहेस.

पाणी ओसरतं आहे. मूसा म्हणतो, आणखी अर्ध्या तासाने दोणी हलणार नाही, आत्ता ठरवा.

तू उठलास. चपला काढल्यास. घड्याळ काढून मूसाच्या हातात दिलंस. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलीस. गार्ड म्हणतो आहे, "साहेब, नको, साहेब, माझ्यावर येईल." तू त्याला म्हणालास, "तुझ्या वहीत लिही. फुनाहुराचा कतीब आदम मानिकू, परवानगीशिवाय उतरला. नाव नीट लिही, सही मी स्वतः करतो." आणि पाण्यात उडी टाकलीस. कमरेपर्यंत पाणी. मम्मा दोणीच्या काठावर येऊन बसली आहे, तुझ्या टकलावर हात ठेवून, घोड्यावर बसावं तशी. एक पाय तुझ्या खांद्यावरून आला. दुसरा येत नाही, तिच्याच्याने उचलवत नाही. मूसा सुकाणू सोडू शकत नाही. नुहा गणवेशासकट पाण्यात शिरली आहे, पण ती अजून लांब आहे.

"तिथे बसून काय लिहितेस? कोक्को, उतर! तिचा दुसरा पाय धर."

तू हे माझ्याशी बोललास, पूर्वीसारखं धाकटीला 'कोक्को' म्हणून. मी कागद ठेवून उतर—